कोपऱ्यावरच्या घराची पन्हळ

काकड्यांपासून सगळं बिघडलं, असं सानाएचं म्हणणं. पन्हळीपासून बिघडलं, असं कुरिहारांचं. नवराबायकोत एखाद्या गोष्टीवरून इतका बारीक मतभेद असला की समजावं, नक्की काय बिघडलं ते दोघांनाही कळलेलं नाही. तात्सुहारा गावच्या शिओया पेठेत मात्र ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सांगायला कोणी तयार नव्हतं. कारण न विचारता सांगणं हा आमच्याकडे आगाऊपणा समजतात, आणि विचारल्यावर सरळ सांगणं हा त्याहून मोठा.

कुरिहारा विमा कंपनीत नुकसान-पाहणी विभागात होते. कोणाची गाडी कोणाच्या कुंपणात घुसली, वादळाने उडालेली कौलं खरोखर वादळानेच उडाली की आधीपासूनच उडायच्या बेतात होती, हे जाऊन बघायचं आणि साहेबांना कळवायचं, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पोक्त, उन्हाळ्यातही वरचं बटण लावणारा. गेल्या वर्षीचा रथाचा उत्सव आटोपल्यावर ते टोकियोहून बदली होऊन आले आणि पेठेत अगदी वळणावरचं घर त्यांना मिळालं. तेव्हा जो भेटे तो म्हणे, "वा! कोपरा मिळाला तुम्हाला! नशीब काढलंत!" कुरिहारांनी दर वेळी कमरेत वाकून आभार मानले. कोपऱ्यात नशिबाचा काय संबंध, हे काही त्यांना उमगलं नाही. सकाळी दुधाची गाडी वळताना हॉर्न वाजवते, एवढंच त्या कोपऱ्याचं वैशिष्ट्य त्यांना जाणवलं होतं.

सानाएचं वर्ष मात्र फार वाईट गेलं. टोकियोत ती फुलांच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर बोलायची. गिऱ्हाइकांशी, मालकिणीशी, कोणी नसलं तर शेवंतीशी. इथे बोलणं हवापाण्याच्या पुढे जाईना. "आज उकडतंय, नाही?" "हो ना, फारच." संपलं. शेजारच्या उमेनो आजी तर तिच्याशी इतक्या अदबीने बोलत की बँकेतला मॅनेजर मोठ्या ठेवीदाराशीही बोलणार नाही. "कोपऱ्यावरच्या बाई, आपण बाजारात निघालात वाटतं? जपून जावं हं आपण." आणि त्याच उमेनो आजी पुढच्याच क्षणी समोरच्या घरावर ओरडत, "ए भवाने, माझी चाळणी नेलीस ती काय सासरी पाठवलीस?" सानाए हे पडद्याआडून ऐकायची आणि तिला त्या चाळणीवालीचा हेवा वाटायचा.

जूनमधल्या एका रविवारी जेवताना तिने सांगूनच टाकलं. "अहो, मी रथाच्या उत्सवापर्यंत बघते. उत्सवातही मी परकीच राहिले, तर मी आईकडे जाते. तुम्ही सुट्टीला येत जा."

ती चिडली नव्हती, रडली नव्हती, सूप वाढता वाढता बोलली. कुरिहारांच्या घशात माशाचा काटा अडकला. आपली बायको चिडून बोलली तर घाबरायचं कारण नसतं, शांतपणे बोलली तर असतं, एवढं त्यांना लग्नाच्या अनुभवाने माहीत होतं.

मग आल्या काकड्या. सानाएच्या भावाने शेतावरून खोकं भरून पाठवल्या. कोवळ्या, काटेरी, बघूनच जीव गार व्हावा अशा. सानाएने नवा एप्रन बांधला आणि जुलै उजाडताच साऱ्या पेठेत घरोघरी वाटल्या. लोकांनी दोन्ही हातांनी घेतल्या. "अय्या, इतक्या!" "काय हिरव्यागार!" सानाए घरी आली ती जवळजवळ नाचतच.

ओल्या कचऱ्याच्या दिवशी पेठेचा कचरा कोपऱ्यावर, म्हणजे कुरिहारांच्याच दारात, कावळ्यांनी उचकू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली गोळा होतो. गावच्या नियमाप्रमाणे पिशव्या पारदर्शक. सानाए आपली पिशवी घेऊन बाहेर गेली आणि बघते तो, सगळी जाळी हिरवीगार. एकाही घराने काकडी खाल्ली नव्हती. ती आत आली आणि तिने माळ्यावरची बॅग खाली काढली.

कुरिहारा तडक तोफूवाल्या सावामुरांकडे गेले. सावामुरा म्हणजे पेठेचं अर्धं सरकार. पहाटे तोफू करतात आणि जुलैत रथाच्या पुढच्या फळीवर पंखा घेऊन उभे राहतात. त्यांचा पंखा खाली आला की रथ थांबतो, वर गेला की चालतो.

"इथे लोकांना काकडी आवडत नाही का हो?" कुरिहारांनी विचारलं.

"आवडते की! जीव की प्राण."

"मग... खातात का?"

"खातात ना. उत्सव झाल्यावर."

"आधी का नाही?"

सावामुरांनी तोफूच्या पाण्यात हात घातला, काढला, पुसला. "कापली की दिसते ना."

"काय दिसतं?"

"चकती," सावामुरा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

कुरिहारा चकती शोधत देवळापर्यंत गेले. देवळाच्या पडद्यावर देवाचं चिन्ह रंगवलेलं होतं, आणि ते हुबेहूब कापलेल्या काकडीसारखं होतं. देवाचं चिन्ह दातांनी कसं चावायचं, म्हणून सबंध जुलै पेठेत कोणी काकडीला शिवत नव्हतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर बाईंना वाईट वाटलं असतं, म्हणून सगळ्यांनी काकड्या घेतल्या आणि पारदर्शक पिशवीत घालून बाईंच्याच दारात ठेवल्या. यातलं सौजन्य समजायला माणूस इथलाच लागतो.

झाल्या प्रकाराची भरपाई करायची, असं कुरिहारांनी ठरवलं. भरपाई हा त्यांच्या नोकरीतला रोजचा शब्द होता. पेठेच्या आणि देवाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी ठोस करायचं. आणि त्याच संध्याकाळी, दारात उभं राहून वर बघताना, त्यांना पन्हळ दिसली.

घराच्या वळचणीला तांब्याची पन्हळ होती आणि तिचं कोपऱ्याकडचं टोक पार चेपलेलं होतं. कुरिहारांच्या अनुभवी डोळ्याने क्षणात निदान केलं. वाहनाची धडक. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. आणि या गल्लीत एवढ्या उंचीचं वाहन एकच, पेठेचा रथ! चार भरीव लाकडी चाकं, सुकाणू नाही, चाकाखाली मोगऱ्या, म्हणजे लाकडी पाचरी, सारून आणि पहारींनी रेटून वळवायचा अवाढव्य रथ. म्हणजे बिचाऱ्यांना हे वळण पुरत नाही. दर वर्षी आपल्या पन्हळीला रथ आपटतो, आणि सभ्य माणसं म्हणून कोणी बोलत नाही.

"आपली पन्हळ वीतभर कापली की रथ सुळकन निघून जाईल," ते सानाएला म्हणाले. "पेठ आयुष्यभर नाव काढेल."

सानाए बॅगेत स्वेटर भरत होती. जुलैत स्वेटर भरणारी बाई किती लांबच्या मुक्कामाचा विचार करत असेल, हे ज्याने त्याने ओळखावं.

आता जी गोष्ट कुरिहारांना कोणीच सांगितली नाही ती निदान तुम्हाला सांगायला हवी. रथाने त्या कोपऱ्याला खेटायचंच असतं. पेठेच्या देवाची वर्षातून एकदा निघणारी स्वारी कोपऱ्यावरच्या घराला अंग लावून वळते, आणि मगच साथीचे रोग, आगी, भांडणं वर्षभर त्या कोपऱ्याच्या आत येत नाहीत. पन्हळ चेपली की लोक टाळ्या वाजवतात. पन्हळीचा तो चेपलेला भाग म्हणजे साऱ्या पेठेचं संरक्षक कवच होतं आणि आपले कुरिहारा ते कापायला निघाले होते.

पण असं कापायलाही परवानगी लागते. जुन्या पेठेत घराची खुंटीसुद्धा सरकारला विचारल्याशिवाय हलत नाही. कुरिहारा रजा टाकून नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "पन्हळ कमी करायचं कारण?"

"रथाला लागू नये म्हणून."

कारकून थांबला. "लागू... नये?"

"हो. लागू नये."

तो आत गेला. मग आतून एकेक माणूस कपाटाशी फाइल शोधायच्या निमित्ताने आला आणि कुरिहारांना आपादमस्तक न्याहाळून गेला. शेवटी कारकून परत आला. "त्याचं असं आहे, 'रथाने मोडली म्हणून दुरुस्ती' याला आमच्याकडे सोय आहे. 'रथ नीट लागावा म्हणून लांब करणे' यालाही आहे. 'लागू नये' याला सोयच नाही."

"मग करा की सोय."

"ती करायला वरून परवानगी लागेल. त्यापेक्षा मी कारण 'इतर' असं लिहितो. चालेल?"

एखाद्या शहाण्या माणसाला इथे पाणी मुरतंय असं वाटलं असतं. पण कुरिहारांचा जन्म कचेरीत गेला होता. एखाद्या गोष्टीची कचेरीत सोय नसणं हे त्यांना इतकं स्वाभाविक वाटलं की ते समाधानाने घरी आले.

पेठेचा सुतार बुनपेइ शिडी घेऊन आला. वर चढला, पन्हळीवरून हात फिरवला आणि खाली उतरला.

"कापू?"

"कापा ना."

"कापतो हं मग." तो पुन्हा चढला, पुन्हा उतरला. सानाएने दिलेला जवाचा गार चहा प्याला. एक सिगरेट ओढली. "उत्सव झाल्यावर कापली तर?"

"मग काय उपयोग? तुम्ही निर्धास्त कापा बुनपेइ-सान. माझी जबाबदारी."

बुनपेइने डोळे मिटून कापली. कापलेला तुकडा फडक्यात गुंडाळून देवळात नेऊन ठेवला आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान उघडलं नाही. कुरिहारांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल बिचाऱ्याला.

मग पेठ बघायला आली. एकेक जण यायचा, वर बघायचा, तोंडाचा आ तसाच ठेवून म्हणायचा, "वा! किती... नीटनेटकं!" उमेनो आजी छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आपलं घर आता अगदी... सुटसुटीत दिसतंय हं," असं म्हणाल्या, घरात गेल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. खिडकीतून वास आला.

"बघितलंस?" कुरिहारा सानाएला म्हणाले. "आजी किती भारावल्या!"

"त्या रडत होत्या."

"तेच म्हणतोय मी."

उत्सवाच्या आदल्या दिवशी सावामुरा स्वतः घरी आले. हातात पेठेचा निळा अंगरखा, पाठीवर काकडीचं, म्हणजे देवाचं, चिन्ह. कोपऱ्याच्या मालकाचा हा मान असतो. कुरिहारांना भरून आलं.

"मला करायचं काय असतं?"

"काही नाही. कोपऱ्यावर उभं राहायचं."

"आणि?"

"रथ आला की मग जे व्हायचं ते होतं."

"काय होतं?"

"दर वर्षी होतं तेच." सावामुरांनी एकदा वर पन्हळीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुरिहारा-सान, तुम्ही काहीतरी योजलं असेलच ना?"

"योजलंय ना!" कुरिहारा उत्साहाने म्हणाले. "सगळं व्यवस्थित योजलंय. तुम्ही बघाच."

सावामुरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जाऊन साऱ्या पेठेला सांगितलं की टोकियोची माणसं हुशार असतात, त्याने काहीतरी योजलं आहे. बुनपेइ पांघरुणातून बाहेर आला. नवी पन्हळ असेल, सोन्याची असेल, आयत्या वेळी लावणार असतील, असे तर्क सुरू झाले. आणि काय योजलंय हे विचारणं अर्थातच आगाऊपणाचं होतं.

उत्सवाचा दिवस उजाडला. कुरिहारांच्या पोटावर पांढरा पट्टा गुंडाळायला उमेनो आजी आल्या. "श्वास सोडावा आपण. आणखी सोडावा. अजून आहे थोडा आत." कुरिहारांनी होता नव्हता तो सगळा सोडला, आणि आजींनी गाठ मारली. तो श्वास परत आत घ्यायला जागाच उरली नाही. त्यामुळे त्या दिवशी कुरिहारा दोन-तीन शब्दांपेक्षा लांब वाक्य बोलू शकले नाहीत. लोकांना वाटलं, काय गंभीर, धीरोदात्त माणूस आहे!

सानाए बायकांच्या रांगेत शेवटी, जवाच्या चहाची किटली घेऊन उभी होती. येणारा जाणारा प्रत्येक घामेघूम माणूस आधीच्या बाईपाशी पेला भरून घेई आणि सानाएपाशी आला की वाकून म्हणे, "छे छे, आपल्याला कशाला त्रास!" तिची किटली भरलेलीच राहिली. घरात दारापाशी बॅग भरून ठेवलेली होती. कुरिहारांनी कोपऱ्यावरून किटलीकडे पाहिलं आणि त्यांना बॅगेची आठवण झाली. आता रथ एकदा सुळकन निघून जाऊ दे, म्हणजे सगळी पेठ वाहवा करेल, बायका सानाएला घेरतील, असं ते मनात घोकत राहिले.

ढोल ऐकू आला. दोरखंडावर शंभरेक माणसं ओणवी झालेली, वर जरीचे पडदे, कळसाशी देव, पुढच्या फळीवर सावामुरा. रथ करकरत कोपऱ्यापर्यंत आला. मोगऱ्या सारल्या गेल्या, पहारी लागल्या, रथ कण्हत कण्हत वळू लागला. कुरिहारा अभिमानाने वर बघत होते. रथाचा कठडा पन्हळीजवळ आला, आणखी जवळ आला, आणि वीतभर अंतर राखून सुबकपणे बाजूने सरकू लागला.

सावामुरांचा पंखा खाली आला. रथ थांबला, ढोल थांबला. सगळी पेठ कुरिहारांकडे बघू लागली.

कुरिहारांनी लवून नमस्कार केला. टाळ्या पडल्या नाहीत.

"आता काढा," सावामुरा वरून हळूच म्हणाले.

"काय?"

"योजलंय ते."

"हेच. हे अंतर."

सावामुरांचा चेहरा त्यांच्या तोफूसारखा पांढरा पडला. मग, वर्षभरात प्रथमच, पेठ कुरिहारांच्या समोर मोकळेपणाने भांडली. सावामुरा बुनपेइवर ओरडले, "तू सांगितलं नाहीस?" बुनपेइ म्हणाला, "मला वाटलं आजींनी सांगितलं असेल." आजी म्हणाल्या, "मी बाईमाणूस कशी सांगणार, पुढारी तुम्ही!" "मला वाटलं टोकियोत अशीच पद्धत असेल!" "टोकियोत काय पन्हळी कापत फिरतात?" शेवटी उमेनो आजींनीच कुरिहारांना ते एका दमात सांगितलं. रथ का खेटायला हवा, आणि त्यांच्या लहानपणी एकदा खेटला नव्हता तेव्हा मिठाचं कोठार कसं जळालं तेही.

कुरिहारांच्या पायाखालची जमीन सरकली. "मग थोडा... मागे घ्या."

"देवाला मागे नेत नाहीत!" सगळी पेठ एका सुरात म्हणाली.

पुढे नेता येईना, मागे नेता येईना. मागून दुसऱ्या पेठेचा रथ आला आणि त्यांचा ढोल टोमणे मारल्यासारखा वाजू लागला. बंदोबस्ताचा पोलीस शिट्टी फुंकत आला. पाचला रस्ता मोकळा करायचा हुकूम होता. कोणी म्हणालं, बांबू लावा. आजी म्हणाल्या, बाहेरची वस्तू चालत नाही, कोपऱ्याचीच हवी. कोणी म्हणालं, वळचणीवर चढून काहीतरी धरा. पण देवाच्या वर चढून उभं राहायचं म्हणजे! बायकांच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. कुरिहारांनी पाहिलं, सानाए मान खाली घालून किटली भिंतीशी ठेवत होती. ती आता आत जाणार होती आणि बॅग घेऊन बाहेर येणार होती. तिच्या पाठीवरूनच त्यांना ते कळलं, आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की पट्टा नसता तर ते मोठ्याने रडले असते.

पण माणूस वर्षानुवर्षं विम्यात काढतो ते काही फुकट जात नाही. कुठलाही गोंधळ समोर आला की कुरिहारांच्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला निघे.

"कोपऱ्याची वस्तू," ते म्हणाले, "म्हणजे नक्की काय?"

"घराचं काहीही," सावामुरा म्हणाले. "खांब, कौल, पन्हळ. कोपऱ्याचं म्हणून जे काही असेल ते."

"मी," कुरिहारा म्हणाले. श्वास संपला. थांबले, थोडा गोळा केला. "मी कोपऱ्याचा आहे का?"

हा प्रश्न आडवळणाने टाळता येण्यासारखा नव्हता. त्याला "बघू" म्हणता येत नव्हतं, "तसं काही नाही" म्हणता येत नव्हतं. सावामुरांनी बुनपेइकडे बघितलं, बुनपेइने पोलिसाकडे, आणि पोलिसासकट सगळ्यांनी उमेनो आजींकडे.

"म्हणजे काय!" आजी उसळल्या. "कोपऱ्याचा नाही तर कुठला? वर्ष झालं बघतेय मी, रोज सकाळी त्या कोपऱ्यातून बाहेर पडतोय मेला!"

मेला! कुरिहारांना कोणीतरी मेला म्हणालं होतं. ते वळले, बिअरचं रिकामं खोकं ओढलं, पन्हळीच्या कापलेल्या टोकाखाली उपडं घातलं आणि त्यावर चढले. मापात काही चूक होणार नव्हती, अंतर त्यांनीच पाडलेलं होतं. त्यांनी खांबाला पाठ टेकली आणि वीतभर जागेत कपाळ पुढे केलं.

"या," ते म्हणाले.

पोलीस धावत आला. "हेल्मेट घाला! हेल्मेटशिवाय मला परवानगी देता येणार नाही!" आणि त्याने स्वतःचं काढून दिलं.

"हेल्मेट कोपऱ्याचं नाही," आजी म्हणाल्या. "पोलिसांचं आहे."

पोलिसाने पाठ फिरवली आणि तो रिकाम्या रस्त्यावरच्या वाहतुकीला जोरजोरात हात दाखवू लागला.

"हळू! फुंकर मारल्यासारखा!" सावामुरा ओरडले. "नुसता स्पर्श! पहारी जपून!" पंखा वर गेला. शंभर माणसांनी आयुष्यात कधी नव्हे इतक्या हळुवारपणे दोर ओढला. पण एवढ्या अवाढव्य रथाला हळुवारपणा कुठला माहीत? मोगरी निसटली, चाक टुणकन फिरलं, आणि देवाच्या कठड्याचा कोपरा कुरिहारांच्या कपाळावर असा बसला की त्याचा आवाज मागच्या पेठेच्या ढोलवाल्यांनाही ऐकू गेला.

"खेटला!" बुनपेइ किंचाळला. मग सगळेच ओरडले. ढोल वाजला, दोर ताणला गेला, टाळ्यांचा पाऊस पडला. कुरिहारांना दोन देव दिसले, दोन सावामुरा दिसले, आणि दोन्ही सावामुरा आनंदाने म्हणत होते, "गेल्या वर्षी नुसती पन्हळ चेपली होती हो!" त्यानंतरचं त्यांना आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ते उमेनो आजींच्या घरात आडवे होते. पट्टा कोणीतरी सोडला होता आणि श्वास परत आला होता. निळा अंगरखा घातलेला एक डॉक्टर कपाळाला टाके घालून आता साके पीत बसला होता. त्याने झिंगण्याआधी टाके घातले की नंतर, हे विचारायचं कुरिहारांनी टाळलं. अर्धी पेठ ओट्यावर जेवत होती. माणसं येत होती, टेंगळाला हात जोडत होती आणि पुढे जात होती. कोणीतरी टेंगळापुढे तांदळाची वाटीही ठेवली होती. आपण आता नक्की कोण आहोत, जखमी की देवस्थान, हे त्यांना समजेना.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट चालला होता आणि त्यावर उमेनो आजींचा आवाज चढत होता.

"अगं ए सानाए! रडतेस काय मेली, नवरा जिवंत आहे तुझा! बाह्या वर कर आधी. आणि हे काय, असं घासतात का पातेलं? तुझ्या आईने काही शिकवलं नाही का गं? सरक तिकडे, दाखवते!"

सानाए पाणी मागायला आल्याचं निमित्त करून बाहेर आली. हाताला कोपरापर्यंत फेस, केस सुटलेले, नाक लाल. नवऱ्याच्या उशाशी बसून ती रडत होती आणि हसत होती, आणि यातलं कुठलं कुठल्यासाठी ते कुरिहारांना ओळखता येईना.

"बॅग," ते हळूच म्हणाले. "कधी निघायचंय?"

सानाएने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू डोक्याला मार लागल्यामुळे माणूस भलतंसलतं बोलतोय.

"आत्ता?" ती म्हणाली. "अहो, साऱ्या पेठेची भांडी पडलीयत!"

आतून पुन्हा हाक आली आणि ती पळाली.